सोमवारी पूर्वेकडची खिडकी

अप्पा,

तुमच्यामुळे गेल्या रविवारी माझी कॉफी गार झाली. ही तक्रार क्षुल्लक वाटत असेल तर स्वतःचं आठवा. तुम्हाला टंबळरमध्ये ओठ भाजेल इतकी कढत कॉफी लागायची. जराशी निवलेली आली की तुम्ही टंबळर अम्मासमोर नुसता सरकवायचात आणि भिंतीकडे बघत बसायचात. बोलायचा नाहीत, कारण बोललं असतं तर प्रश्न सुटला असता. मीही तुमचीच मुलगी. तर पहिला घोट घेणार एवढ्यात दारात एक गृहस्थ उभे. कपाळाला गंध, हातात केळ्यांची फणी, चेहऱ्यावर देवळात आल्याचा भाव. "मुलाकडे दिल्लीला चाललोय, विमानानं. कुठल्या बाजूची खिडकी मागू? वडील असते तर तुम्हाला त्रास दिला नसता." मी म्हटलं, वडील जाऊन बरीच वर्षं झाली. "ठाऊक आहे. मी आलो होतो की खांदा द्यायला. म्हणून तर तुम्हाला विचारतोय." दिल्लीपर्यंत दोन्ही बाजूंना हिंदुस्थानच आहे, कुठेही बसा, असं मी सांगितलं. ते हसले. त्यांना वाटलं, घराण्याची विद्या अशी फुकट थोडीच मिळणार. केळी मांडीवर घेऊन ते बसून राहिले, आणि माझ्या कॉफीवर साय धरली.

दुसऱ्यांचे बाप घर ठेवून जातात, नाहीतर कोर्टकज्जे तरी. तुम्ही खिडकी ठेवून गेलात. तिरुवल्लिकेणीच्या आमच्या गल्लीत अजून कुणाला विमानात बसायचं झालं की तुमची आठवण निघते, आणि आपल्या तंजावरकडच्या मराठी मंडळींत तर तुमचं नाव काढताना लोक आवाज खाली आणतात. तुम्हाला अग्नी दिला त्या दिवशी लोक रडत होते, खोटं कशाला बोलू? पण स्मशानातून परतताना कुणीतरी हळूच म्हणालंच, "आता खिडक्यांचं कोण बघणार?" तुमच्या आयुष्याबद्दल इतकं नेमकं वाक्य मला इतक्या वर्षांत लिहिता आलेलं नाही.

नुंगंबाक्कमच्या त्या विमान कंपनीच्या बुकिंग ऑफिसात तुमचं काउंटर मला स्पष्ट दिसतं. पंखा तुमच्या बाजूला वळवलेला, समोर विमानाचा आराखडा, हातात लाल-निळी पेन्सिल, आणि पलीकडे गिऱ्हाईक घाम पुसतंय. तेव्हा विमानात चढणाऱ्याला सामानाबरोबर काट्यावर उभं करायचे, पण तुम्हाला काटा लागायचा नाही. माणसाची चप्पल बघूनच तुम्ही त्याला तोलायचात. तुमचं शास्त्र साधं होतं. पंख खिडक्यांच्या खाली, म्हणून पंखावरची खिडकी कुचकामाची. खाली बघावं तर पत्रा आणि खिळे. पंखाच्या मागच्या खिडक्या उत्तम. त्या मिळायच्या मिरासदारांना, अधिकाऱ्यांना, आणि ज्यांच्या घरून उन्हाळ्यात आंब्याची करंडी येते त्यांना. उरलेले पंखावर. कुणी फारच गयावया केली तर तुम्ही पेन्सिल कानावर ठेवून त्याला त्याच्या हुकलेल्या खिडकीतून काय दिसलं असतं ते सविस्तर सांगायचात. समुद्रात सेतूची वाळू कशी चकाकते, भाताची खाचरं कशी आरशासारखी पडलेली असतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि तुम्ही स्वतः जमिनीपासून आपल्या गच्चीइतकेही वर गेलेले नव्हता. परतलेल्या उतारूंना तुम्ही दारात गाठायचात, चहा पाजायचात, त्यांनी पाहिलेलं सगळं काढून घ्यायचात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं म्हणून विकायचात. इतरांचे जुने कोट आपल्या अंगावर बेतून घेणारी माणसं मी पाहिली आहेत, पण इतरांचे डोळे बेतून घेणारे तुम्हीच.

एका दिवशीचं जेवण आठवतं. तुम्ही पानावर बसलेले आहात, अम्मा रसम वाढते आहे, मी शेजारी. आमच्या शाळेतले म्हातारे मास्तर त्या दिवशी तुमच्याकडे आले होते. मुलीकडे कोलंबोला जायचं होतं, आयुष्यात एकदाच, म्हणून त्यांनी चांगली खिडकी मागितली. "मी म्हटलं, मास्तर, तुम्हाला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तुम्हाला खिडकीचा काय उपयोग, आणि खिडकीला तुमचा काय उपयोग?" एवढं बोलून तुम्हाला इतकं हसू आलं की रसम नाकात गेलं. मीही हसले. विनोद चांगला होता. अम्माचा पळा मात्र मध्येच थांबला, आणि पुढचं रसम भातावर न पडता पानाच्या कडेला जमिनीवर पडलं. "डोळे आहेत का कुठे?" तुम्ही ओरडलात.

होते, पण जायला लागले होते. दिव्याभोवती तिला इंद्रधनुष्यासारखी कडी दिसायची, आणि कडेचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. एका डोळ्याचं बरंचसं गेलंच आहे, दुसराही जाईल, वर्ष घ्या, फार तर दोन. तुम्ही छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून गंभीरपणे विचारलंत, "स्वयंपाकाला अडचण येईल का?" त्या डॉक्टरचा चेहरा मी अजून विसरले नाही. तुमचाही नाही, कारण त्यावर काहीच नव्हतं.

बसस्टॉपवर अम्मा म्हणाली, "मज एकदा आमचं गाव दाखवा." तिचं गाव कल्लणैजवळ. कावेरीवरचं ते जुनं दगडी धरण, जिथून नदीचे फाटे फुटून सगळ्या तंजावर मुलखाला पाणी जातं, त्याच्या अलीकडे. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती तिथून निघाली ती निघालीच. आईबाप गेले, घर दुसऱ्यांनी घेतलं. "तेथे उतरायला मज दार उरलं नाही," ती म्हणाली, "वरून तरी दाखवा. त्रिचीच्या विमानातून डावीकडे दिसते म्हणून तुम्हीच सांगत असता की सगळ्यांना." तुम्ही बस येते का ते बघत होता.

कंपनी तुम्हाला दर वर्षी घरच्यांसाठी फुकट पास द्यायची, आणि तो दर वर्षी तुमच्या खिशात वाळून जायचा. कधी अशुभ मानलेला आडी महिना आडवा यायचा, कधी ऑडिट, कधी वारा. अम्मानं मागितल्यावर तर कारणांना बहर आला. शेवटी तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न त्रिचीत ठरलं, बहिणीनं चार माणसांत तुम्हाला विचारलं, "भावोजी, तुम्ही तर विमानानंच येणार ना?" आणि तुमच्या तोंडून "अर्थातच" निघून गेलं. तुमच्या हातून झालेलं ते एकमेव पुण्य, आणि तेही अब्रूच्या भीतीनं.

सोमवारी सकाळी आम्ही मीनंबाक्कमच्या विमानतळावर पोचलो. अम्मा नऊवारीत, हातात दहीभाताचा टिफिन कॅरियर, चेहरा न्हालेल्या पोरीसारखा. रांग तुम्ही पंखाच्या मागची घेतली होती, तेवढं शास्त्र तुम्ही घरच्यांनाही लागू केलंत. मग विमानाच्या शिडीपाशी तुम्ही म्हणालात, "तू उजवीकडे."

"कल्लणै डावीकडे येते."

"आज सोमवार. पूर्वेला शूल."

आपल्या सगळ्या घरांत पंचांगातला हा शूल पाळतात, सोमवारी पूर्वेकडे प्रवासाला निघायचं नाही, आणि अडलंच तर दही खाऊन निघायचं. पण तुम्ही त्याची मजल वाढवून तो खिडक्यांनाही लावला होता. ज्या वारी ज्या दिशेला शूल, त्या वारी त्या बाजूची खिडकी आपल्या माणसाला द्यायची नाही. गिऱ्हाईकं या शोधावर इतकी खूश होती की मयलापूरहून लोक मुद्दाम तुमच्याकडे तिकीट काढायला येत.

"आपण दक्षिणेला चाललोय, अहो," अम्मा म्हणाली. "शूल जायच्या दिशेचा बघतात."

"आणि नजर? नजर तासभर पूर्वेकडे जाणार, तिचं काय? आधीच तुझ्या डोळ्यांची ही तऱ्हा."

"मी सकाळी दही खाल्लंय की. हा काय, डबाही दह्याचाच आहे."

"ते दही पायांसाठी. खिडकीला चालत नाही."

"मग तेथे कोण बसणार?"

"मी. घरातलं वाईट कर्त्यानं अंगावर घ्यायचं असतं."

मागचा उतारू खोकला. अम्मा म्हणाली, "सेरी." तमिळमधला 'बरं' अशा अर्थाचा हा एक शब्द तिनं तुमच्या संसारात जेवढा वापरला तेवढं मीठ वापरलं नसेल.

ते जुनं विमान जमिनीवर शेपटी टेकून बसायचं, त्यामुळे आतली वाट टेकडीसारखी चढत होती. अम्मा उजव्या खिडकीशी, मी तिच्या शेजारी, वाटेपलीकडे तुमच्या शेजारी कुणी व्यापारी, आणि त्याच्या पलीकडे डाव्या खिडकीशी तुम्ही. होस्टेसनं कानात घालायला कापूस आणि चघळायला चॉकलेट दिलं. तुम्ही दोन्ही नाकारलंत, हात पोटावर घट्ट बांधलेत, आणि विमान धावपट्टीला लागायच्या आत डोळे मिटून झोपलात. पुढचा सगळा वेळ मी तुमच्याकडे बघत होते. तुमच्या मिटलेल्या डोळ्यांमागून समुद्राची कड गेली, एक लांबच लांब तळं गेलं, मग हिरवं सुरू झालं. आपल्या बाजूला काय आहे ते मी पाहिलंच नाही. मला एवढंच दिसत होतं की जिला हे बघायचं आहे तिची पाठ त्याच्याकडे आहे, आणि ज्याला दिसतंय तो झोपलाय. मी उठून तुम्हाला हलवणार होते. अम्मानं न बघताच माझं मनगट धरलं. "असूं दे." तिचं कपाळ काचेला टेकलेलं होतं, उतरेपर्यंत तिनं ते काढलं नाही.

लग्नघरी तुम्ही काय रंगलात! पंगतीत पान वाढून होईपर्यंत तुम्ही कल्लणै सांगितली. कावेरीच्या गळ्यातला हार, हिरव्या शालूचे पदर, कुठल्या उतारूकडून किती उचललं होतं ते देव जाणे. बायका हात थांबवून ऐकत होत्या. बहिणीनं अम्माला विचारलं, "अक्का, आपलं गाव दिसलं?" अम्मा म्हणाली, "मज सगळं दिसलं." नवऱ्याची लाज राखतेय असं मी तेव्हा धरलं, आणि त्या दिवशी मनातल्या मनात तुम्हाला बाप म्हणून काढून टाकलं. तुम्हाला ते कळलं नाही. जिलबी तिसऱ्यांदा येत होती.

पुढे अम्माचे डोळे पुरते गेले. तुम्ही जेवताना वाटी ताटावर वाजवून कुठे वाढायचं ते तिला दाखवायला शिकलात, आणि ही युक्ती आपलीच म्हणून आल्यागेल्याला सांगितलीत. मग तुम्ही गेलात. मला लिहून पोट भरायची सवय लागली, आणि चारचौघांत बोलायची पाळी आली की मी तुमची ही गोष्ट सांगते. शूल, दही, झोप, कावेरीचा हार. दर वेळी हशा पिकतो. घोरणं मी मागाहून घातलंय, त्याशिवाय झोप रंगत नाही.

परवा अम्माची तीच बहीण आजारी असल्याचं कळलं. अम्मा म्हणाली, मज घेऊन चल. शुक्रवारची तिकिटं काढली. आता विमानं बदलली आहेत, पंख खिडक्यांच्या वर असतात, तुमचं अर्धं शास्त्र बाद झालंय, हे तुम्हाला कळवताना मला बरं वाटतं. काउंटरवरच्या मुलीनं विचारायच्या आत अम्मा म्हणाली, "उजवीकडे. खिडकी."

"अम्मा, आता तुला उजवी काय आणि डावी काय?"

"तुझ्या वडिलांसारखी बोलूं नकोस."

"आज सोमवारही नाही."

"ठाऊक आहे. सकाळ आहे ना? मग उजवीकडे."

विमान वर गेलं, सरळ झालं. तिनं कपाळ काचेला टेकलं, अगदी तसंच. "आली का?" ती म्हणाली.

"काय?"

"सावली. आपल्या विमानाची. खाली बघ, माळावर."

मी तिच्यावरून वाकले. खाली सुकं रान, ताडाची झाडं, तळ्यांचे बांध, आणि त्यांच्यावरून एक छोटी काळी आकृती बिनआवाज सरकत चाललेली. दोन पंख, एक शेपूट. टेकडी आली की ती अंगाशी यायची, टेकडी संपली की खोल पडायची.

"आली," मी म्हटलं.

"तेव्हा पहिल्यांदा वाटलं, घार आहे. मग वाटलं, घार एवढा वेळ कशी पंख हलवत नाही? मग कळलं, आपणच. तळ्यात शिरली आणि तशीच बाहेर आली. एका गाडीवरून गेली, बैलांनी मान पण वर केली नाही. मी सगळी वाट तिच्याबरोबर गेलें. डावीकडे बसलेल्याला ती दिसतच नाही. सकाळचं ऊन तेथून येतं."

"आणि कल्लणै?"

"कल्लणै मज तोंडपाठ. कुठल्या पायरीला शेवाळ आहे ते आत्ता सांगते. चढतेवेळी रडूं आलं होतं, नाही म्हणत नाही. मग ही दिसली. हे पूर्वी कोणी सांगितलं नव्हतं, ह्यांच्या उतारूंनी पण नाही."

मी विचारलं, "म्हणजे अप्पांनी मुद्दाम उजवी—"

"छे ग! त्यांस काय कळतंय." ती हसली. दात नसलेलं ते हसू बघायला तुम्ही हवे होता. मग म्हणाली, "तूं सगळ्यांना सांगतेस ते घोरत होते म्हणून. ऐकते मी. घोरत नव्हते."

"झोपले होते ना?"

"झोपले असते तर घोरले असते. एवढी वर्षं शेजारी काढली मी. भीत होते, जीव मुठीत धरून बसले होते. म्हणून तर पास वाळवीत होते दर वर्षी." मग तिनं मला कोपरानं ढोसलं. "पलीकडची खिडकी रिकामी असेल तर जा, बघून ये."

"तुला सांगायला?"

"मज नको. मज सांगून झालंय. त्यांस सांग. एवढं सगळ्यांना सांगत फिरले बिचारे, एकदाही बघितलं नाही. तूं लिहितेस नव्हे जगाला? मग."

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्याबद्दलचं माझं मत बदललंय असा समज करून घेऊ नका. भ्यायलेला माणूस बायकोचा हात धरू शकतो, पंचांग धरायची गरज नसते. बाजू बरोबर निघाली याचं श्रेय उन्हाला आहे. हे टपालात पडणार नाही, आणि तिरुवल्लिकेणीचा पोस्टमन जिवंत माणसांचीसुद्धा पत्रं शेजारी टाकून जातो. तरी तुमच्या खिडकीतून काय दिसतं ते एकदाचं ऐका.

पलीकडची खिडकी रिकामी होती, मी जाऊन बसले. हार वगैरे काही नाही, अप्पा. शालूही नाही. आधी धूसर दिसतं, इतकं की समुद्र कुठे संपतो ते कळत नाही. लांब तळं खरंच लांब आहे, आणि मातकट. कोळ्ळिडम् नदी बहुतेक वाळूच आहे, तिच्यात पाण्याची एक बारीक रेघ, धुतलेल्या फरशीवर राहून गेलेल्या ओघळासारखी. मग हिरवं येतं ते एकदम येतं, आणि हिरवं एकच नसतं, ताजं लावलेलं वेगळं, पिकत आलेलं वेगळं. कल्लणै तुम्ही सांगायचात त्याहून फार लहान आहे. नदीत आडवा ठेवलेला एक वाकडा दगड, बस. पण त्याच्या एका अंगाला पाणी थांबलेलं असतं आणि दुसऱ्या अंगाला त्याच्या वाटा होऊन ते पसरत जातं, आणि त्या वाटांच्या कडेला नारळीच्या झाडांत लाल कौलांची थोडी घरं आहेत. त्यातलं अम्माचं कुठलं ते मला कळलं नाही. पण घरं आहेत. एका अंगणात काहीतरी पांढरं वाळत घातलेलं होतं.

त्यानंतर विमान वळून खाली यायला लागलं. पुढचं मला विचारू नका. तेव्हा मीही डोळे मिटलेले होते.